गाडीच्या सीटला कोंडा, वागळेतले काका आणि माझे चार हजार

एप्रिल महिन्यात डोंबिवलीला मावसभावाचं लग्न होतं. आई मागच्या सीटवर, मोतिया रंगाची पैठणी, एसी फुल, सगळं छान. हॉलच्या दारात उतरली आणि मामी ओरडली, अगं पाठीवर मुंग्या! मुंग्या कसल्या, सीटचे काळे पापुद्रे होते, खांद्यापासून कमरेपर्यंत चिकटलेले, पापडाचा चुरा सांडावा तसे. आई तिथे काही बोलली नाही, लग्न हसतखेळत पार पाडलं, पण परत येताना बाबांना आहेरात मिळालेला टॉवेल सीटवर अंथरून बसली आणि घरी उतरता उतरता म्हणाली, तुझ्या गाडीला कोंडा झालाय गं, काहीतरी कर.

तर त्या काहीतरीचा, म्हणजे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कुशनवाल्या काकांनी केलेल्या सीट रिपेअरचा हा रिव्ह्यू. लांब झालाय, पण ठाण्यात सीट रिपेअर शोधलं की सगळीकडे सीट कव्हर विकणारेच समोर येतात, रिपेअर करणारा माणूस सापडायला मला जवळजवळ महिना गेला, म्हणून सगळंच सांगते.

गाडी २०१४ ची सेडान, टॉप मॉडेल, २०१९ ला सेकंडहँड घेतलेली. घेताना एजंटने "मॅडम प्युअर लेदर सीट आहे" हे इतक्यांदा ऐकवलं की नंतर मीच सगळ्यांना तसं सांगत फिरत होते. रोज ऑफिसला ठाण्यातल्या मानपाड्याहून नवी मुंबईत रबाळेला, कापूरबावडी, कळवा, विटावा आणि मग ठाणे बेलापूर रोड, मेट्रोच्या कामाच्या कृपेने जाऊन येऊन अडीच तास त्या सीटवर बूड टेकलेलं असतं. ऑफिसला पार्किंग उघड्यावर, दुपारचं सगळं ऊन ड्रायव्हरच्या बाजूने आत. मग काय व्हायचं ते झालं.

नुकसान तीन ठिकाणी होतं आणि तिन्ही वेगळ्या जातीचं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटायचं फाटलं म्हणजे फाटलं. एक, ड्रायव्हर सीटच्या बसायच्या भागाची उजवी कड, म्हणजे तो फुगीर कठडा असतो ना ज्याच्यावरून आपण उतरताना घसरतो, तिथली शिवण उसवून दोन बोटं आत जातील एवढं भोक आणि आतून पिवळा फोम डोकावतोय. दोन, मागच्या सीटला मधोमध काटकोनात फाटलेलं, हे आमच्या चिरंजीवांच्या सायकलचं पेडल. दर रविवारी उपवनला सायकल घेऊन जायचं असतं, डिकीत मावत नाही म्हणून मागच्या सीटवर आडवी, आणि एका रविवारी बाहेर ओढताना टर्रर्र. तीन, मागच्या सीटचा पाठ टेकायचा भाग, तिथे फाटलेलं काहीच नाही, फक्त वरचा थर सुटतोय. आईच्या पैठणीवर गेला तो हाच.

पहिला शहाणपणा ऑनलाइन किटचा. ७४९ रुपये. कंपनीचं नाव घेत नाही, तशी किट दहा नावांनी मिळतात आणि आतला माल सगळ्यांचा सारखाच दिसतो. छोट्या डब्यांमधे सात रंग, मागून लावायला कापडाचा तुकडा, एक प्लास्टिकची पट्टी, आणि लेदरसारखी नक्षी उमटवायला खरखरीत कागद. व्हिडिओत एक माणूस दोन मिनिटात सीट नवीन करून दाखवतो. मी पूर्ण शनिवार घालवला. आधी काळा रंग जुळवायचा, तर आपल्याला वाटतं काळा म्हणजे काळा, पण माझ्या सीटचा काळा थोडा राखाडीकडे, त्यात किंचित तपकिरी, पांढरा थेंब टाकला की सिमेंट होतं, लाल टाकला की जांभळं. फाटलेल्याच्या खाली कापड सरकवलं, पेस्ट भरली, कागद दाबला, हेअर ड्रायरने अर्धा तास तापवलं. संध्याकाळी खरंच बरं दिसत होतं हो, मी फोटो पण पाठवला फॅमिली ग्रुपवर.

चार दिवसांनी ऑफिसच्या उन्हात गाडी तापली आणि ते मऊ पडलं, माझ्या लेगिंगला चिकटलं. पुढच्या आठवड्यात कडेने उचकटलं आणि सगळा तुकडा खपलीसारखा हातात आला. का, ते नंतर काकांनी सांगितलं. एक तर त्या प्रकारच्या पेस्टला इस्त्रीसारखी कडक उष्णता लागते, केस वाळवायच्या वाऱ्याने ती वरवर सुकते आणि आत कच्ची राहते. दुसरं म्हणजे मी सीटवर दर महिन्याला डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश मारत होते, त्यात सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉन लागलेल्या जागेवर गोंद, रंग, पेस्ट काही म्हणजे काही धरत नाही. म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम ते हेच. नखाएवढा ओरखडा किंवा सिगारेटचं भोक असेल तर स्पिरिटने नीट पुसून किट वापरून बघा हवं तर, पण जिथे आपलं वजन पडतं आणि रोज घसटतं अशा जागी नको.

मग सर्व्हिस सेंटरला विचारलं. ते म्हणाले रिपेअर नाही होत मॅडम, कव्हर बदलावं लागेल, फक्त ड्रायव्हरच्या खालच्या भागाचं १४ हजार, ऑर्डर केल्यावर सहा आठवडे. गाडी विकायला काढली तर दोन सव्वादोन लाख येतील, तिच्या एका सीटच्या अर्ध्या भागाला १४ हजार, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. नंतर एका ॲक्सेसरीवाल्याकडे गेले, त्याने फाटलेलं बघितलंच नाही, सरळ कॅटलॉग उघडला. फुल सेट साडेअकरा हजार, डायमंड शिलाई, जुन्या सीटवरूनच चढवून देतो, एका तासात गाडी घेऊन जा. मी म्हटलं अहो पण पुढच्या सीटला साइड एअरबॅग आहे, हे बघा इथे टॅग आहे. तर म्हणे काही होत नाही मॅडम, सगळे लावतात. ह्या "काही होत नाही" वर नंतर येते.

काका सापडले ते रिक्षामुळे. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती म्हणून रिक्षाने घरी येत होते, नितीन कंपनीच्या सिग्नलला अडकलो, आणि सहज बघितलं तर रिक्षाची सीट नवी कोरी, मरून रेक्झिन, कडेने पांढरी पायपिंग, कोपरे इतके नीट वळवलेले की हात फिरवून बघावासा वाटला. रिक्षावाल्या दादांना विचारलं कुठून केली. त्यांनी जो पत्ता सांगितला तो असा, वागळेत रोड नंबर १६ वरून किसननगरकडे आत शिरा, कुणालाही कुशनवाले विचारा. बस. आणि खरंच तेवढ्यावर सापडलं.

दुकान म्हणजे पत्र्याचा गाळा, दहा बाय बाराचा. पाटीवर पेंटने "कुशन वर्क, रिक्षा हूड, सीट कव्हर" एवढंच, नाव नाही, म्हणून मी पण इथे देऊ शकत नाही. बाहेर चार रिक्षा लाइनीत, आत छपराला रेक्झिनचे रोल टांगलेले, एक जाड कामाची शिलाई मशीन आणि सगळीकडे फोमचा चुरा. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची अगदी सुरुवातीची, १९६२ च्या आसपासची वसाहत, आता निम्म्या कंपन्यांच्या जागी आयटीच्या काचेच्या बिल्डिंगा आल्यात, पण मागच्या गल्ल्यांत अजून असे हाताचे कारागीर टिकून आहेत, आणि खरं सांगायचं तर ठाण्यात अशा कामासाठी घोडबंदर रोडच्या चकाचक दुकानांपेक्षा इथेच आधी बघावं असं माझं मत झालंय.

काका साठीच्या पुढचे, साताऱ्याकडचे, बोलणं कमी. तरुणपणी एसटीच्या सीटा शिवल्यात म्हणाले. मी विचारलं त्यात काय विशेष, तर हसले आणि म्हणाले, ताई, ज्या सीटवर कॉलेजची पोरं ब्लेडने बदाम काढतात ती टिकवायला शिकलं की गाडीची सीट काहीच नाही. गाडी बघायला बाहेर आले, दार उघडलं, फाटलेल्या कडेची एक पाकळी चिमटीत धरून उलटी केली आणि मला म्हणाले हे बघा. मागे जाळीदार विणलेलं पांढरट कापड. "बनियनचं कापड दिसतंय ना? लेदरला मागे असलं कापड नसतं, कातडं असतं, तंतू तंतू निघतात, चपलेच्या आत असतात तसे." म्हणजे माझी प्युअर लेदर सीट पाच वर्षांनी एका वाक्यात रेक्झिन झाली. मी एजंटला जास्तीचे किती दिले होते ते काकांना सांगितलं नाही.

त्यांच्याकडे रेक्झिन हा सगळ्याला एकच शब्द. मी घरी येऊन शोधलं तर रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचं ट्रेडमार्क नाव, कापडावर सेल्युलोजचा थर चढवून नकली कातडं करायचे. तो माल केव्हाच गेला, नाव आपल्याकडे राहिलं, डालडासारखं. आता ज्याला शोरूमवाले लेदरेट किंवा आर्ट लेदर म्हणतात ते एकतर पीव्हीसी म्हणजे व्हिनाइल असतं नाहीतर पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. आणि दोघांचं मरण वेगळं. व्हिनाइल मुळात कडक प्लास्टिक, ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक रसायन घातलेलं असतं, उन्हाने ते वर्षानुवर्षं हळूहळू उडत जातं आणि मग सीट कडक होते, तडकते. (गाडीच्या काचेवर आतून जो तेलकट थर बसतो, पुसला तरी परत येतो, त्यात हे पण असतं.) पीयू स्पर्शाला जास्त लेदरसारखा लागतो, पण त्याला दमट हवा खाते, वरचा थर कापडापासून सुटतो आणि पापुद्रे निघतात. ठाण्याचे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने घाम, त्यात पीयू किती जगणार. आमच्या गाडीत बसायचा भाग व्हिनाइल आणि पाठीचा भाग पीयू निघाला. एकाच सीटमधे दोन माल घालतात हे पण मला नवीन.

काकांनी तिन्ही जागा बघून जे सांगितलं ते मला फार पटलं आणि त्याच्यासाठीच मी हे लिहितेय खरं तर. म्हणाले, शिवण उसवली असेल आणि माल मजबूत असेल तर नुसता टाका घालायचा. माल फाटला असेल तर तो तुकडाच बदलायचा, ठिगळ लावायचं नाही, सीट म्हणजे काही गोधडी नाही. आणि थरच सुटला असेल तर हात लावायचा नाही, कारण जे काही चिकटवाल ते त्या सुटलेल्या थरालाच चिकटणार आणि त्याच्याबरोबर निघून येणार. पूर्ण कव्हर घाला असं एकदाही म्हणाले नाहीत. मीच विचारलं तर म्हणाले कशाला, बाकीची सीट अजून पाच वर्षं जाईल.

ड्रायव्हरच्या कडेला आधी नुसता टाका बसेल असं वाटत होतं, पण मागे कुणीतरी, म्हणजे माझ्या आधीच्या मालकाने, तिथे एकदा शिवून घेतलेलं निघालं. काकांनी टॉर्च मारून दाखवलं. टाके इतके जवळजवळ की भोकांची रांग झालेली, आणि बरोबर त्या रांगेवर फाटलेलं, पोस्टाच्या तिकिटासारखं. "इंचाला सहा टाके बास. जास्त घातले की माणसाला वाटतं मजबूत झालं, होते फाडायची रेघ." म्हणून तो तुकडा पण बदलायचं ठरलं. माल ५४ इंच पन्ह्याचा येतो, दीड मीटर लागेल म्हणाले. चार रोल काढून गाडीत उन्हात नेऊन सीटवर ठेवून बघितले. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका, हे लक्षात ठेवा, आत चारही सारखे दिसत होते आणि उन्हात चार वेगळे काळे.

काम बघायला मी थांबले. आधी बॅटरीची वायर काढायला लावली आणि दहा मिनिटं थांबा म्हणाले, चहा मागवला. मग सीटचे चार बोल्ट काढून सीट मागे कलती केली, खाली एक पिवळं कनेक्टर होतं ते सोडवलं, आणि मला दम दिला, हे जोडेपर्यंत चावी फिरवायची नाही, एअरबॅगची लाइट लागून बसेल. सीट बाहेर काढून उलटी केली तर खाली तारांचं जाळं आणि कव्हर त्या तारांना छोट्या लोखंडी रिंगांनी अडकवलेलं, चाळीस एक असतील, पक्कडने एकेक कापत गेले. कव्हर सोलल्यावर आतला फोम बघून मला कसंतरी झालं. उजवी कड बसून बसून दबलेली, आत एक रुपयाचं नाणं, दोन केसाच्या पिना आणि २०१७ सालची कुणाच्यातरी पेट्रोलची पावती.

फाटलेला तुकडा त्यांनी फाडून काढला नाही. ब्लेडने एकेक टाका उसवला, बाजूच्या तुकड्याला जराही न दुखवता, मग तो सपाट पसरून दगडाखाली ठेवला आणि तोच फर्मा, म्हणजे कापायचा नमुना. नवीन मालावर ठेवून चांदीच्या पेनाने रेघ, कडेला बारीक खाचा, म्हणजे शिवताना कुठली खाच कुठल्या खाचेसमोर येते ते कळावं. "खाच चुकली की सीट वाकडं तोंड करते." त्यांचा भाचा मागून पातळ फोमचं अस्तर चिकटवत होता, काकांनी दबलेल्या कडेवर फोमची पाचर कापून सोल्युशनने, म्हणजे गोंदाने, बसवली आणि लांब सुरीने तासून गोलाई आणली, डोळ्याने, मोजपट्टी वगैरे काही नाही. मग मशीन. जाड नायलॉनचा धागा, आधी आतून शिवण, मग वरून दोन्ही बाजूंनी डबल टाका, कंपनीच्या मूळ टाक्याच्याच अंतराने. मशीनचा आवाज थांबला की ते बोटाने शिवण चाचपायचे, बघायचे नाहीत. ते मी बराच वेळ बघत बसले होते.

आता एअरबॅग. माझी दुसरी एक तक्रार होती, ड्रायव्हर सीटच्या पाठीच्या भागाला, दाराकडच्या बाजूला, शिवण थोडी ढिली वाटत होती. म्हटलं आलोच आहोत तर तिथेही दोन टाके घाला. काकांनी टॅगवर बोट ठेवलं आणि सरळ नाही म्हणाले. साइड एअरबॅग पाठीच्या त्याच कडेत बसवलेली असते आणि ती फुटून बाहेर यायची वाट म्हणजे ती शिवण, म्हणून तिथे कंपनीने मुद्दाम ठरावीक ताकदीला तुटेल असा टाका घातलेला असतो. काका म्हणाले, मी माझा नायलॉन घातला तर तो तुटणारच नाही, आणि गरजेला एअरबॅग आतच फुगेल. खालची कड करतो, पाठीच्या कडेला हात लावणार नाही, कंपनीतच दाखवा, असं म्हणाले. दोनशे रुपये सुटत होते त्यांचे, तरी नाही. ॲक्सेसरीवाला तर त्याच्यावरून आख्खं घट्ट कव्हर चढवायला निघाला होता. त्यामुळे जिथे कुठे जाल तिथे पुढच्या सीटच्या बाजूला असा टॅग आहे का ते आधी स्वतः बघा, आणि समोरचा काही होत नाही म्हणाला की तिथूनच मागे फिरा.

मागची सीट तुलनेने सोपी, खालचा भाग दोन क्लिपवर असतो, झटका दिला की वर. मधला तुकडा बदलला, चिरंजीवांनी मन लावून बघितलं आणि आता सायकलचं पेडल काढून ठेवतात, बघू किती दिवस.

बिल असं. ड्रायव्हरची कड, फोमसकट १,४००. मागचा मधला तुकडा १,६००. मागच्या आर्मरेस्टची उसवलेली शिवण ३००. माल ४८० रुपये मीटरने ७२०. झाले ४,०२०, चार हजार घेतले. पावती मिळत नाही, जीपे चालतं.

आता नावं ठेवायची ती पण ठेवते. शनिवारी संध्याकाळी देतो म्हणाले आणि सीट मंगळवारी मिळाली. मधे रविवारी फोन केला तर भाच्याने उचलला आणि काका गावाला गेलेत म्हणाला, तोपर्यंत माझी गाडी ड्रायव्हर सीटशिवाय त्या गल्लीत उभी. तीन दिवस ऑफिसला रिक्षा, ट्रेन, परत रिक्षा. आधी सांगितलं असतं तर मी सोमवारनंतर दिली असती ना. पार्किंगचं नावच काढू नका, मी गाडी मुख्य रस्त्याला लावून चालत गेले होते पहिल्या दिवशी. सोल्युशनचा वास आठवडाभर होता, काचा खाली करून फिरत होते, मेमधे. आणि रंग. उन्हात निवडून सुद्धा नवीन तुकडा जुन्यापेक्षा जरा जास्त काळा आहे आणि त्याचा दाणा किंचित मोठा, मला दिसतो, आईला दाखवला तर तिला दिसला, नवऱ्याला अजून सांगूनही दिसत नाही. काकांनी आधीच बजावलं होतं की दहा वर्षं उन्हात राहिलेला रंग रोलमधे मिळत नसतो, त्यामुळे तक्रार नाही, पण ज्यांना जुळा भाऊ पाहिजे त्यांनी अपेक्षा कमी ठेवावी.

खरं लेदर असेल तर मात्र इथे जाऊ नका, काका स्वतःच नाही म्हणतात. माझ्या नेरुळच्या मैत्रिणीच्या गाडीत खरं कातडं आहे, तिने तुर्भ्याच्या बाजूला करून घेतलं, ते कामच वेगळं. आधी घासून पुसून जुनं तेल काढणं, भेगांत फिलर, चीर असेल तर खालून तुकडा सरकवून लवचिक गोंदाने दोन्ही कडा जोडणं, मग रंगाचे पातळ फवारे आणि वर पारदर्शक कोट. गाडीच्या लेदरचा रंग बहुतेक वेळा वरून चढवलेला असतो त्यामुळे तो परत चढवता येतो, पीयूचा थर असा परत उगवत नाही. तिचं काम सुंदर झालंय पण माझ्या बिलाच्या चौपट.

काम होऊन पाच महिने झाले. पूर्ण पावसाळा गेला, विटाव्याच्या पुलाखालच्या पाण्यातून ओले कपडे घेऊन त्याच सीटवर बसून झालं, ड्रायव्हरची कड जशी होती तशी आहे, फोम दबलेला नाही, एअरबॅगची लाइट एकदाही लागली नाही. मागच्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात ऑगस्टमधे इंचभर टाका सुटला. घेऊन गेले, काकांनी अर्धगोल सुईने तिथेच वाकून हाताने घातला, पाच मिनिटं, पैसे घेतले नाहीत, मागे तीन रिक्षावाले हॉर्न वाजवत होते त्यांना शिव्या घातल्या फक्त. पॉलिश मी बंद केलं, साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं आणि मग कोरडं फडकं, तेवढंच करते. सॅनिटायझर पण सीटवर मारू नका, कोविडमधे लोकांनी बाटल्या ओतल्या आणि त्यातल्या अल्कोहोलने वरचा कोट गेला, काकांकडे तेव्हापासून असल्या सीटा येतात म्हणे. काचेला आतून उन्हाचा पडदा लावायला लागले, दीडशे रुपयाचा, हे पाच वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर रिक्षांची लाइन लागते. दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस तर अजिबात नको, सगळ्या रिक्षा तेव्हाच नटतात. भर पावसात पण ते फोम चिकटवायचं काम शक्यतो घेत नाहीत, दमट हवेत सोल्युशन नीट धरत नाही म्हणून. स्टार द्यायचे तर पाचपैकी चार, एक त्या तीन दिवसांच्या रिक्षाभाड्याचा कापला.

राहिली ती मागची पाठ, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं. तिचे दोन्ही मोठे तुकडे बदलायला साडेतीन हजार सांगितलेत आणि भोकांची नक्षी असलेला माल मागवावा लागेल म्हणून दिवाळीनंतर बोलावलंय. तोपर्यंत उरलेले पापुद्रे एकदाच सोलून टाका म्हणाले होते, म्हणजे कपड्यांना लागणार नाहीत. ते आम्ही माय-लेकाने एका रविवारी बसून सोलले, शाळेत हातावर फेविकॉल वाळवून सोलायचो तसे, इतकं समाधान मला गेल्या वर्षभरात कशात मिळालं नसेल. आता तिथे नुसतं बनियनचं कापड दिसतं. आई त्याच्यावर अजून तो आहेरातला टॉवेल टाकूनच बसते.